मॅकवर माउसचं चाक उलटं चालतंय. सवय करावी की सेटिंग बदलावं?

लक्ष्मीपुरी_डीटीपी

नमस्कार. मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर लावायचं काम करते. लग्नपत्रिका, बिलबुकं, वर्गणीच्या पावत्या, मंडळांचे अहवाल, सगळं. इतकी वर्षं विंडोज आणि त्यावर पानं लावायला कोरल. यंदा मालकांनी इनडिझाइनच्या कामासाठी मॅक मिनी आणला, त्याच्याबरोबर ट्रॅकपॅड, आणि मला हवा म्हणून साधा चाकाचा माउस. जुनं विंडोजचं मशीन आहेच, कारण श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरमधली जुनी कामं त्यावरच उघडतात. त्यामुळे दिवसातनं कितीदा तरी एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर.

अडचण अशी की मॅकवर चाक स्वतःकडे ओढलं की पान खाली येतं आणि मी पुढं जायच्या ऐवजी मागच्या मजकुरावर जाते. अहवालातली देणगीदारांची यादी तपासताना याचा फार त्रास होतो. मंडळाचा कार्यकर्ता शेजारी बसून वहीवर बोट ठेवून नाव, गल्ली, रक्कम वाचत असतो. मी पुढच्या ओळीवर जायला जाते आणि ओळच हातातनं जाते. एखाद्या देणगीदाराचं नाव सुटलं तर त्या पोरांना पेठेत वर्षभर ऐकून घ्यावं लागतं, त्यामुळे ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

सेटिंग कुठं आहे ते सापडलंय. पण संध्याकाळी त्याच मशीनवर मालकांचा मुलगा अल्बमची कामं करतो, ट्रॅकपॅडवर. त्याला दिशा फोनसारखीच लागते. आणि माउसचं सेटिंग बदललं की ट्रॅकपॅडचंही आपोआप बदलतं. रोज मी सकाळी बदलते, तो संध्याकाळी परत बदलतो.

तर मीच सवय करून घ्यावी का? दोन मशीनवर दोन दिशा, हे हाताला जमतं का? ज्यांनी दोन्ही वापरलंय त्यांनी सांगावं. तुळशीच्या लग्नानंतर पत्रिकांची गर्दी सुरू होते, त्याआधी काय ते ठरवायचंय.

शाहूपुरी_रिपेअर

ताई, मॅकमध्ये ही दिशा ज्या त्या युजरपुरती असते. दोघांचे दोन युजर करा, सकाळ-संध्याकाळची ओढाताण तिथंच थांबेल. फक्त कामाच्या फायली दोघांना लागत असतील तर शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यावर दुसऱ्याला लिहायची परवानगी द्या. नाहीतर फाइल उघडेल, पण सेव्ह होणार नाही.

दुसरा उपाय म्हणजे स्क्रोल रिव्हर्सर नावाचं छोटं ॲप. मोफत आहे. त्यात माउसची दिशा वेगळी आणि ट्रॅकपॅडची वेगळी ठेवता येते. चालू करताना ॲक्सेसिबिलिटी आणि इनपुट मॉनिटरिंग अशा दोन परवानग्या मागतं, त्या दिल्याशिवाय काम करत नाही. बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा.

उद्यमनगरचा_ड्राफ्ट्समन

ताई, मी शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीच्या पॅटर्नची आणि मशीनिंगची ड्रॉइंग करतो. तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो, कारण आम्ही हा त्रास मॅक न बघताच सोसलाय. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स ही आमची ड्रॉइंगची दोन सॉफ्टवेअरं. ऑटोकॅडमध्ये चाक पुढं ढकललं की ड्रॉइंग जवळ येतं. सॉलिडवर्क्समध्ये मूळ सेटिंगला तेच चाक पुढं ढकललं की मॉडेल लांब जातं. माउस तोच, टेबल तेच. पंपाच्या केसिंगवर एखाद्या कोपऱ्याची गोलाई बघायला जावं, तर अख्खं केसिंग लांब पळतं, आणि शेजारी पॅटर्नमेकर उभा असतो माप घ्यायला.

तुम्ही विचारलंय दोन दिशा जमतात का. माझं मत असं: दोन वेगळ्या वस्तूंवर जमतात, एकाच वस्तूवर नाही. हाताखाली ट्रॅकपॅडची सपाट काच आहे की माउसचं चाक, हे बोटाला लगेच कळतं. पण समोर मॅक आहे का विंडोज, ऑटोकॅड आहे का सॉलिडवर्क्स, हे फक्त डोळ्याला कळतं, आणि डोळ्याकडनं निरोप येईपर्यंत बोट फिरून मोकळं झालेलं असतं. म्हणून मी सॉलिडवर्क्सच्या सिस्टिम ऑप्शन्समध्ये, व्ह्यूखाली, चाकाच्या झूमची दिशा उलटवायचा पर्याय आहे तो टिक केला. ज्याला ऑटोकॅडच बदलायचंय त्यानं कमांड लाइनवर झूमव्हील टाइप करून ० चं १ करावं. कुठलीही दिशा घ्या, पण चाकाची दिशा सगळीकडे एकच ठेवा.

आता ॲपलनं असं का केलं तेही सांगतो. पूर्वी आपण पान सरकवतच नव्हतो, उजवीकडची पट्टी सरकवत होतो. पट्टी खाली ओढली की मजकूर वर जातो. १९९६ ला मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस आला आणि चाक सगळीकडे पसरलं. त्या चाकानं पट्टीचीच दिशा उचलली. मग २००७ ला आयफोन आला. तिथं पट्टी धरायचा विषयच नाही, टेबलावर पसरलेला कागद बोटानं सरकवावा तसं पान सरकतं. २०११ च्या जुलैत लायन ही मॅकची आवृत्ती आली, तेव्हा ॲपलनं तीच दिशा कॉम्प्युटरवर मूळ सेटिंग करून टाकली. ट्रॅकपॅडवर ती मला शंभर टक्के पटते. बोट जिकडं, कागद तिकडं.

चाकाचं मात्र तसं नाही. चाकाची वरची कड तुम्ही स्वतःकडे ओढता, त्याच वेळी खालची कड पलीकडे जात असते. चाकाखाली खरोखर कागद असता, तर तो पलीकडे, म्हणजे स्क्रीनवर वरच सरकला असता. जुनी दिशा यंत्राच्या हिशोबानं बरोबर आहे, निदान चाकासाठी. तेव्हा तुमचा हात चुकत नाही. ट्रॅकपॅडसाठी केलेला नियम चाकावर लादलाय, त्यामुळे अडचण आहे.

तुमचं निम्मं काम विंडोजवर आहे. स्क्रोल रिव्हर्सर टाका, माउस जुन्या दिशेनं ठेवा, ट्रॅकपॅड त्या पोराला राहू दे.

राजारामपुरी_निवृत्त

वरच्या सल्ल्याशी मी बराचसा सहमत आहे. पण सवय होतच नाही असा कुणाचा समज होऊ नये म्हणून लिहितो. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवलं. स्मृतीच्या अभ्यासात एच. एम. या रुग्णाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्याच्या लक्षात नवं काही राहत नव्हतं. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या दोन रेषांमधून पेन्सिल फिरवायला दिली. आरशात दिशा उलटी दिसते, सुरुवातीला कुणाचाही हात भरकटतो. त्याचा हात मात्र दिवसागणिक सुधारत गेला, आणि आपण हे आधी कधी केलंय हे त्याला आठवतही नव्हतं! मिल्नर यांनी १९६२ मध्ये हे मांडलं. हाताचं शिकणं आणि लक्षात ठेवणं यांचे मार्ग मेंदूत वेगळे आहेत, हे त्यातून पुढं आलं.

तुमच्या कामी याचा उपयोग इतकाच, की 'मॅकवर उलटं आहे' असं मनात घोकून फायदा नाही. हात चालवावा लागतो, आणि तोही एकाच दिशेनं. नवी दिशाच घ्यायची असेल तर दोन्ही मशीनवर एकदम घ्या आणि मध्येच जुनीकडे जाऊ नका. आषाढात तुमच्याकडे लग्नाची कामं नसतात, तो काळ बरा. गिऱ्हाईक शेजारी बसलेलं असताना शिकू नये, एवढं मात्र आग्रहानं सांगतो.

लक्ष्मीपुरी_डीटीपी

सर्वांचे मनापासून आभार. ड्राफ्ट्समन दादा, तुमचं वाचून मी चाक हळूहळू फिरवत ते कसं फिरतं याचा नीट विचार केला. वरची कड इकडं, खालची तिकडं, अगदी तसंच. कुणीतरी कारण सांगितल्यावर फार बरं वाटलं.

मालकांना विचारून स्क्रोल रिव्हर्सर टाकलं. त्यात ट्रॅकपॅडला हात लावला नाही, फक्त माउस उलटवला. आज पूर्ण अहवाल वाचून काढला, ओळ सुटली नाही. मालकांच्या मुलालाही ट्रॅकपॅड होता तसाच मिळाला. युजर मात्र एकच ठेवलाय, फायली सारख्या इकडंतिकडं होतात म्हणून. सर, पत्रिकांचा मोसम तोंडावर आहे, त्यामुळे नवी दिशा शिकायचं आता घेत नाही.

विद्यापीठ_हॉस्टेल

मला याच्या उलट हवंय. लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. टचपॅडची दिशा फोनसारखी केली, पण माउसची कुठं बदलायची?

शाहूपुरी_रिपेअर

सेटिंग्जमध्ये ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, त्यात माउस. अलीकडचे अपडेट घेतलेले असतील तर तिथंच स्क्रोलिंग डायरेक्शन दिसेल. दिसत नसेल तर आधी विंडोज अपडेट करून घ्या. जुन्या विंडोजवर रजिस्ट्रीत (विंडोज आपली आतली सेटिंग्ज ठेवतं ती जागा) जाऊन त्या माउसच्या नोंदीखाली फ्लिपफ्लॉपव्हील ० चं १ करावं लागतं, आणि मग मशीन रीस्टार्ट. रजिस्ट्रीला हात लावायच्या आधी बॅकअप घ्या. आणि हे त्या एका माउसपुरतंच लागू होतं, नवा माउस लावला की त्याची नोंद वेगळी असते, तिथं परत करावं लागेल.