अलास्कातल्या नोम गावची दोन ख्रिस्ती रेडिओ केंद्रं: लोकसेवा की धर्मप्रचार?

ध्रुवतारा:
पश्चिम अलास्कातलं नोम. वस्ती साडेतीन-पावणेचार हजारांची, बाकीच्या राज्याशी जोडणारा रस्ता नाही. तरी इथे दोन ख्रिस्ती रेडिओ केंद्रं चालतात. इव्हँजेलिकल कव्हेनंट चर्च या प्रोटेस्टंट पंथाचं केआयसीवाय 17 एप्रिल 1960 रोजी, ईस्टरला सुरू झालं. जेझुइट या कॅथलिक संघातले पाद्री जिम पूल यांनी उभारलेलं केएनओएम जुलै 1971 मधलं. अमेरिकेतलं सर्वांत जुनं कॅथलिक रेडिओ केंद्र म्हणून ते ओळखलं जातं. यांना नुसती प्रचारयंत्रं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. दूरदूरच्या गावांत फोन नव्हते तेव्हा केआयसीवायच्या ‘टार्मिगन टेलिग्राफ’ या निरोपांच्या कार्यक्रमातून घरच्यांचे निरोप जायचे.

रानवारा:
निरोप पोचले, मान्य. पण अलास्कातल्या मिशनच्या आणि सरकारी शाळांत इनुपियाक, युपिक या स्थानिक आदिवासी समाजांच्या मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची. त्याच घरांत मग चर्चचा रेडिओ शिरला, हे विसरून कसं चालेल? आणि एवढ्याशा गावाला 50,000 वॅट कशाला लागतात? केआयसीवाय रात्री अकरा ते पहाटे चार तीन मनोऱ्यांच्या साहाय्याने लहरी रशियाकडे वळवतं आणि रशियन भाषेत बोलतं. हा प्रचार नाही तर काय?

ध्रुवतारा:
प्रचार आहेच, चर्चने तो कधी लपवलेला नाही. पण नकाशा बघा. अलास्कातल्या सेंट लॉरेन्स बेटावरचे युपिक आणि समुद्रापलीकडच्या रशियातल्या चुकोत्कातले युपिक एकमेकांचे सोयरे. 1948 मध्ये अमेरिका-सोव्हिएत सीमा बंद झाली आणि नातेवाइकांच्या भेटी थांबल्या. नोमहून चुकोत्कातल्या प्रोविडेनियाला मैत्रीचं विमान गेलं ते थेट 1988 मध्ये. अशा किनाऱ्यावर पलीकडच्यांशी बोलणारा आवाज असणं मला वाईट वाटत नाही.

ओलीमाती:
पूल यांचं नाव घेतलंत, तर पुढचंही लिहा. जेझुइटांच्या पश्चिम प्रांताने 2018 मध्ये लैंगिक अत्याचाराचे विश्वासार्ह आरोप असलेल्यांची यादी जाहीर केली, तिच्यात ते आहेत. तक्रार करणाऱ्यांत स्थानिक आदिवासी स्त्रिया आहेत. ज्याचा आवाज घराघरांत ऐकला जातो, त्याच्याविरुद्ध एखाद्या मुलीने कुणाकडे जायचं? मला तरी त्या केंद्राचा इतिहास इथूनच सुरू करावासा वाटतो.

ध्रुवतारा:
ते लिहिलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण केएनओएम एकट्या पूल यांचं नव्हतं. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या स्वयंसेवकांनी तिथे बातम्या दिल्या, हवामान सांगितलं. शिकारीला बर्फावर निघालेल्या माणसासाठी हवामानाचा अंदाज जिवाची गोष्ट असते. त्यांच्या कामावर पूल यांच्यामुळे बोळा फिरवू नका.

रानवारा:
बोळा कुणीच फिरवत नाहीये. पण हे स्वयंसेवक बहुतेक बाहेरून यायचे, वर्ष-दोन वर्षं राहून परत जायचे. सेवा केली असं सांगणारेही तेच. ज्यांनी ऐकलं, त्यांचं काय म्हणणं आहे? सेंट लॉरेन्स बेटावरच्या गँबेल, सवूंगा या गावांतल्या वृद्ध श्रोत्यांच्या आठवणी कुठे ध्वनिमुद्रित झाल्या असतील, तर इथे द्या. त्या ऐकल्याशिवाय मी मत बदलणार नाही.