मदत हवी आहे: वॉर्मब्लड ड्रेसाज घोडा घोड्या फळवायला द्यायचाय

गिरणारेकर: ड्रेसाजचा, म्हणजे तालबद्ध चालींच्या खेळाचा, घोडा आहे. हॅनोव्हेरियन (खेळासाठीची जर्मन वॉर्मब्लड जात) स्टॅलियन, म्हणजे खच्ची न केलेला नर, नाशिकच्या गिरणाऱ्याजवळ शेतावर असतो. ट्रॉट (दुडकी चाल) अप्रतिम, स्वभाव गरीब. यंदा बाहेरच्या घोड्या घ्यायच्यात. फी किती सांगू? पैसे घोडी लावताना घ्यायचे की शिंगरू झाल्यावर? लवकर सांगा, दोघे जण रविवारी घोड्या घेऊन येतायत.

टापा: वय? उंची? कागद? नैसर्गिक की कृत्रिम रेतन? फी त्यावरच ठरते.

खानदेशी_रिकीब: दादा, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला या, मारवाडी नर घ्या. नुकऱ्याला (पांढऱ्या घोड्याला) गिऱ्हाईक दारात येतं. इकडे ड्रेसाज करतंय कोण?

टापा: 2023 ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण भारताचं होतं. चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. चांगले घोडे दर वेळी युरोपातूनच आणायचे का?

गिरणारेकर: नऊ वर्षांचा, उंची साडेसोळा हँड (एक हँड म्हणजे चार इंच), पासपोर्ट आहे. नैसर्गिकच. फीचं सांगा ना कुणीतरी.

डॉक्टर_पंचवटी: पशुवैद्यक आहे. आधी रविवार थांबवा. ग्लँडर्सची (घोड्यांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग) तपासणी झालीय का? नमुना पशुसंवर्धन खात्यामार्फत पाठवा. ग्लँडर्स निघाला तर जनावर मारावं लागतं, आणि तो माणसालाही होतो. ईआयएची (घोड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय) तपासणीही करा. येणाऱ्या घोड्यांचेही रिपोर्ट आणि गर्भाशयाचा स्वॅब मागा. शिवाय वॉर्मब्लड फ्रॅजाइल फोल सिंड्रोमची जनुक-चाचणी हवीच. एकटा घोडा वाहक (सदोष जनुक बाळगणारा, पण स्वतः निरोगी) असेल तर शिंगरू धडधाकट. घोडीही वाहक निघाली तर चारात एक शक्यता अशी की शिंगराची कातडी हात लावताच फाटते आणि ते जगत नाही. थरोब्रेडमध्येही वाहक सापडलेत, त्यामुळे रेसमधून आलेली घोडी असेल तर तिचीही करा. आयाळीचे केस मुळासकट पाठवायचे.

भीमथडी_माझी: एवढा घोडा आमच्या तेरा हँडच्या घोडीवर? शिंगरू अडकून घोडी जाईल!

डॉक्टर_पंचवटी: पोटात शिंगरू किती वाढेल हे मुख्यतः आईच्या गर्भाशयावर ठरतं. 1938 साली वॉल्टन आणि हॅमंड यांनी अवाढव्य शायर आणि बुटक्या शेटलंड घोड्यांच्या संकरात हेच दाखवलं. धोका चढणाऱ्या घोड्याच्या वजनाचा आहे. लहान घोडीला कृत्रिम रेतनच करा.

भीमथडी_माझी: पुस्तकातलं राहू द्या, मी घोड्या सांभाळल्यात.

मखमलाबादवाला: खच्ची करून टाका, निवांत चालवाल. बाय द वे, गंगापूर रोडला चांगला नालबंद आहे का कुणी?

टापा: फीचं: थोडी रक्कम बुकिंगला, बाकी सोनोग्राफीत गाभण ठरल्यावर. साधारण पंधराव्या दिवशी बघा, जुळं असेल तर तेव्हाच कळतं आणि वेळेत इलाज होतो. जिवंत शिंगरू झालं नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा घोडा, विनाफी. घोडीचा खुराक आणि राहणं वेगळं. अकरा महिन्यांचा मामला आहे, सगळं लेखी करा.

गिरणारेकर: दोघांनाही फोन करून रविवार पुढे ढकलला. केस उद्या पाठवतो. पण लहान घोड्यांसाठी वीर्य काढायचं कसं? याने डमी (वीर्य काढताना चढायचा खोटा घोडा) कधी पाहिलेला नाही.

डॉक्टर_पंचवटी: माजावरची शांत घोडी उभी करून कृत्रिम योनीत काढता येतं, अनुभवी माणूस मात्र हवा. आधी रिपोर्ट येऊ द्या.