शिकवलेला स्पॅम फिल्टर दुसऱ्याला द्यावा का?

जमाखर्च: टपालाच्या थंडरबर्ड या प्रोग्रॅमची तीन वर्षे शिकवलेली 'ट्रेनिंग डॉट डॅट' फाईल, म्हणजे त्याच्या फिल्टरने शिकलेल्या शब्दांची नोंद, कचेरीत सर्वांना वाटली, इतरांनीही तसेच करावे, असे काल येथे एकाने लिहिले. मला हे मुळीच मान्य नाही. प्रोग्रॅमर पॉल ग्रॅहम यांनी २००२ साली बेझच्या पद्धतीचा, म्हणजे शब्दांवरून पत्र कचरा असण्याची शक्यता काढण्याचा, पुरस्कार केला, तेव्हा प्रत्येकाचा फिल्टर त्याच्या स्वतःच्या टपालावर शिकावा यावरच त्यांचा भर होता. 'लोन', 'इंटरेस्ट', 'ओव्हरड्यू' हे शब्द इतरांना कचरा वाटतील. मी हिशेबतपासनीस असल्याने माझी रोजीरोटी त्यांवर चालते. मार्चमध्ये भावाची फाईल घेतली आणि अशिलाचे ओव्हरड्राफ्टबद्दलचे पत्र ऐन घाईत चार दिवस जंकमध्ये पडून राहिले.

सांगलीकर: तुमचा धंदा वेगळा, म्हणून इतरांनी कचरा उपसत बसावे काय? स्पॅमअ‍ॅसॅसिन या फिल्टरमधला बेझ २०० स्पॅम आणि २०० चांगली पत्रे पाहिल्याशिवाय कामालाच लागत नाही. माझ्या आईला आठवड्याला दहा पत्रे येतात. तिला माझी फाईल दिली आणि लॉटरीची पत्रे थांबली.

अंकसंपादक: मराठी पत्रांचे काय होते, याचा विचार कोणी करतच नाही. इंग्रजी टपालावर शिकलेल्या फाईलला देवनागरी शब्द अनोळखी असतात. ओळखीचे उरतात ते शीर्षकातले आणि सहीखालचे इंग्रजी शब्द, आणि निवाडा तेवढ्यावरच होतो. दिवाळी अंकासाठी आलेल्या दोन कथा मला अंक छापून झाल्यावर जंकमध्ये सापडल्या. त्या लेखिकेला काय उत्तर द्यावे, हे मला आजही सुचलेले नाही.

सांगलीकर: प्रत्येक धाग्यावर आपण मराठीचे गाऱ्हाणे आणता. मूळ प्रश्न वाटण्याचा आहे.

अंकसंपादक: तोच प्रश्न आहे. ती फाईल मला वाटलेलीच होती! आपल्या आईला मराठीत कोणी लिहीत नाही काय?

जमाखर्च: शिवाय त्या फाईलमध्ये चांगल्या पत्रांतले शब्दही राहतात. भावाची फाईल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली, तर त्याने घरात कोणालाही न सांगितलेल्या औषधाचे नाव समोर आले.

सांगलीकर: स्पॅमअ‍ॅसॅसिन शब्दांऐवजी त्यांचे हॅश, म्हणजे शब्दावरून काढलेले पण उलट वाचता न येणारे संकेत, ठेवतो, हे आपण सांगत नाही.

जमाखर्च: औषधाचे नाव मनात धरून त्याचा हॅश काढला की ते पत्रांत होते का, हे कोणालाही पडताळता येते. वाटायचेच असेल तर रेझर किंवा डीसीसी या स्पॅमची ओळख सर्वांत वाटणाऱ्या सेवा आहेत. तेथे पत्राच्या मजकुरावरून काढलेला ठसा तेवढा जातो.

सांगलीकर: औषधाचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, कारण आईला दिलेल्या फाईलमध्ये माझ्या वकिलाशी झालेला सगळा पत्रव्यवहार शिकवलेला आहे. ती आज रात्री काढतो. परंतु पहिल्या दोनशे पत्रांपर्यंत तिने काय करावे, याचे पुरते उत्तर आपल्याकडेही नाही.