आई-बाबांचं ग्रीन कार्ड करावं का? आणि धाकट्या भावाचं काय?

साताराएडिसन:
मंडळी, मागच्या महिन्यात ओथ झाली, यूएस सिटिझन झालो एकदाचा. अमेरिकन पासपोर्ट अजून हातात पडायचाय पण घरून फोन सुरू, आता आमचं कार्ड कर म्हणून. बाबा ७१, आई ६६, दोघं साताऱ्याला असतात, दोघांकडे टुरिस्ट व्हिसा आहे आणि एप्रिलमध्ये इकडे येणारच आहेत. तर प्रश्न असे की दोघांचा मिळून एकच अर्ज चालतो का? आणि ते आल्यावर इथूनच कार्डाचं करून टाकलं तर मुंबईला मुलाखतीचा फेरा वाचेल का? धाकटा भाऊ २९ चा, लग्न व्हायचंय, काका म्हणतात आई-बाबांच्या मागून त्याचंही आपोआप होतं, हे खरंय का? शिवाय बाबांच्या नावावर थोडी शेती आहे, ती कार्डामुळे अडकणार नाही ना, याचं त्यांना टेन्शन आलंय.

फाईलवाली_ताई:
अभिनंदन! एकच अर्ज नाही चालत, आईचा वेगळा आय-१३० (नातेवाईकाला स्पॉन्सर करायचा अर्ज) आणि बाबांचा वेगळा, फी पण वेगळी (२०२४ पासून ऑनलाइन ६२५ डॉलर, कागदावर ६७५). सिटिझनच्या आईवडिलांना वर्षाचा कोटा नसतो त्यामुळे रांग अशी नाही, पण कागद फिरायला वेळ लागतोच, वर्ष-दीड वर्ष धरून चाला. आय-१३० पास झाला की केस एनव्हीसीकडे (व्हिसाचे कागद तपासणारं अमेरिकन केंद्र) जाते, तिथे माणशी ३२५ व्हिसा फी, डीएस-२६० (व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म), पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, मग मेडिकल आणि मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत मुलाखत.
उत्पन्नाचं म्हणाल तर आय-८६४ वर (आई-बाबांचा खर्च उचलायची हमी) तुम्ही सही करता, त्यात घरातली सगळी माणसं मोजतात. तुम्ही दोघं, दोन मुलं असतील तर ती आणि आई-बाबा असे सहा धरले तर २०२५ च्या आकड्यांनी साधारण ५४ हजार डॉलर उत्पन्न दिसायला हवं. कमी पडलं तर जॉइंट स्पॉन्सर (हमीला दुसरा कमावता माणूस) घेता येतो. ही सही लोक फार हलक्यात घेतात, ती आई-बाबा सिटिझन होईपर्यंत किंवा कार्ड सोडून कायमचे परत जाईपर्यंत तुमच्या गळ्यात असते.
खरी डोकेदुखी मात्र आपल्याकडच्या कागदांची. बाबांच्या अर्जाला तुमच्या जन्मदाखल्याबरोबर आई-बाबांचा लग्नाचा दाखला पण लागतो. त्या काळात कुणी लग्न नोंदवलंय? नसेल तर आत्ताच नगरपालिकेत नोंदणी करून घ्या, लग्नपत्रिका सापडली तर शोधून ठेवा. आणि आईचं लग्नात नाव बदललं होतं का? म्हणजे जन्माला सुमन, सासरी सुनंदा असं काही? तसं असेल तर शाळेचा दाखला एका नावाचा आणि पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि दोन्ही एकच बाई हे तुम्हाला कागदावर दाखवावं लागतं.

जुनाखोड_टेक्सास:
एप्रिलमध्ये आल्यावर इथूनच करून टाकू हा विचार आधी डोक्यातून काढ. टुरिस्ट व्हिसावर येताना एअरपोर्टवर ऑफिसर विचारतो कशाला आलात, तेव्हा फिरायला सांगायचं आणि मनात कार्ड, याला खोटं बोलणं म्हणतात आणि ते आयुष्यभर फाईलला चिकटतं. आल्यानंतर परिस्थिती बदलली, कोणी आजारी पडलं, मग आय-४८५ (अमेरिकेतूनच कार्ड मागायचा अर्ज) भरला, ते वेगळं, तसा कायद्यात रस्ता आहे. पण इथे तू आधीच लिहून बसलायस की ठरवून येणार आहेत 😄 आणि आय-४८५ भरला की ॲडव्हान्स पॅरोल (बाहेर जाऊन परत यायची परवानगी) हातात येईपर्यंत देश सोडता येत नाही, तेवढ्यात गावाकडे काही झालं तर बाबा इथे अडकून पडतील. सरळ मुंबईवरून कर. आय-१३० चालू असताना टुरिस्ट व्हिसावर यायला बंदी नाही पण जास्त चौकशी होऊ शकते एवढं धरून चाल.
भावाचं आपोआप वगैरे काही नाही. आईवडिलांच्या या कॅटेगरीत मागून कुणीच येत नाही, अगदी दहा वर्षांचं पोर असलं तरी नाही. दोन वाटा आहेत. एक, तू भाऊ म्हणून स्पॉन्सर करायचं, ती एफ-४. सगळ्या जगाला मिळून वर्षाला ६५ हजार आणि त्यात प्रत्येक देशाला ठराविक टक्क्यांची मर्यादा, २०२५ मध्ये भारताची तारीख २००६ मध्येच रेंगाळत होती, म्हणजे तेव्हा अर्ज भरलेल्यांचा नंबर लागत होता. म्हणजे आज लावलेलं झाड कधी फळेल ते बघ. दुसरी वाट, आई-बाबांचं कार्ड झालं की ते त्याला एफ-२बी मधून (कार्डधारकांच्या अविवाहित सज्ञान मुलांची कॅटेगरी) लावू शकतात, ती त्यापेक्षा बरी, पण अट अशी की तो अविवाहित पाहिजे, आईवडील सिटिझन व्हायच्या आत लग्न केलं की ती पिटिशन तिथेच संपते. एवढ्या वर्षांसाठी मुलाचं लग्न थांबवणार आहात का? एफ-४ भरून विसरून जा, लग्नाने ती मोडत नाही, बायकोमुलं सोबत येतात. फक्त मुलं नंबर लागेपर्यंत २१ च्या पुढे गेली की बहुतेक वेळा बाहेर पडतात.

गोदाकाठ_निवृत्त:
मी दुसऱ्या बाजूचा, म्हणजे ज्यांचं कार्ड मुलाने केलं त्यातला. कार्ड मी आय-४०७ भरून परत देऊन टाकलं, आता टुरिस्ट व्हिसावर जातो आणि नाशिकला सुखात आहे. आधी आईवडिलांना विचारा की राहायचं कुठे आहे. कार्ड म्हणजे अमेरिकेत राहायला हवं, सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहिलात की प्रश्न, वर्षाच्या वर गेलात तर री-एंट्री परमिट आधी काढलेलं हवं. दिवाळी इकडे आणि उन्हाळा तिकडे असा संसार कार्डावर फार काळ चालत नाही.
मला खरा फटका बसला तो टॅक्सचा. कार्ड असलं की जगभरचं उत्पन्न तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायचं, म्हणजे पेन्शन, एफडीचं व्याज, घरभाडं सगळं. भारतातल्या खात्यांत मिळून १० हजार डॉलरच्या वर गेलं की एफबीएआर (परदेशी खात्यांची माहिती द्यायचा फॉर्म) वेगळा. आणि बाबांचे म्युच्युअल फंड असतील तर आधी सीएला भेटा, त्यांचे अमेरिकन नियम एवढे किचकट आहेत की तिथला सीए सुद्धा जादा फी मागतो. इकडे एनआरआय झालात की सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये नवीन पैसे टाकता येत नाहीत.
औषधपाण्याचंही बघा, ६५ च्या वर असलात तरी मेडिकेअर (तिथला सरकारी आरोग्य विमा) घ्यायला कार्डावर सलग पाच वर्षं राहावं लागतं, आणि तिथे नोकरी केलेली नसल्यामुळे हॉस्पिटलच्या भागाला महिना पाचशे डॉलरच्या वर हप्ता. तोपर्यंत खाजगी इन्शुरन्स. शेतीचं म्हणाल तर कार्ड झालं तरी माणूस भारताचाच नागरिक राहतो, शेती कुठे जात नाही, नवीन विकत घेता येणार नाही एवढंच.

फाईलवाली_ताई:
गोदाकाठ काकांशी सहमत, पण सरसकट नको. आई-बाबांना नातवंडांजवळ कायम राहायचंय आणि गावाकडे बघायला कोणी नाही अशी घरं पण आहेत, त्यांना कार्डच बरं. फक्त पुढे सिटिझनशिपची आशा असेल तर ऐका, पाच वर्षांनी इंग्लिशची परीक्षा द्यावी लागते. मराठीत द्यायची सवलत ५५ च्या वर वय आणि कार्डावर १५ वर्षं झाल्यावर. बाबा तेव्हा ८६ पार.
आणि साताराएडिसन, शेतीचं टेन्शन बाबांनी नाही, तुम्ही घ्या. ओथ झाली त्या दिवशी भारतीय नागरिकत्व गेलं. भारतीय पासपोर्ट सरेंडर करा, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) काढा. वारशाने शेती मिळू शकते, विकत घेता येत नाही.

साताराएडिसन:
बाप रे, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. बाबांना गोदाकाठ काकांची पोस्ट वाचून दाखवली तर म्हणाले मग राहू दे, टुरिस्टच बरं. आई मात्र ऐकत नाहीये, तिला नातीजवळ राहायचंय. बहुतेक आईचा एकटीचा आय-१३० भरतो, बाबांचं नंतर बघू. एफ-४ पण भरून ठेवतो. आईचं नाव लग्नात खरंच बदललंय, आणि तिचा जन्म खेड्यातला, ग्रामपंचायतीत नोंदच नाही.

फाईलवाली_ताई:
मग ग्रामपंचायतीकडून नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि दोन ॲफिडेव्हिट करा, आईपेक्षा वयाने मोठी आणि जन्म माहीत असलेली माणसं हवीत. मोठे मामा असतील तर उत्तम. नावाचं पण त्यांच्याच ॲफिडेव्हिटमध्ये लिहून घ्या, माहेरचं नाव हे, लग्नानंतरचं हे.

साताराएडिसन:
मोठे मामा आहेत, ८० चे, अजून कोर्टात एकट्याने जातात. रविवारी फोन करतो.