स्ट्रॉपासून मुलांसाठी सोप्या वस्तू: गोंद टिकत नाही, मग काय करून घ्यावं?

कागदकात्री
६ ते ९ वर्षांची १२ मुलं, वेळ दीड तास. साध्या ६ मिमी जाडीच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ भरपूर आहेत, थोड्या कागदीही आहेत. तुकडे चिकटवून फोटोफ्रेम आणि फुलं करायचा बेत होता, पण पांढरा गोंद वाळला की तुकडे टपाटप सुटतात. ग्लू गन मुलांच्या हातात द्यायची नाहीये. गोंदाला पर्याय काय? आणि एवढ्या वेळात खरंच पूर्ण होईल असं काय घ्यावं?

टाचणी
प्लॅस्टिकची स्ट्रॉ बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. तिच्यात पाणी मुरत नाही, त्यामुळे पांढरा गोंद तिला धरतच नाही. नुसता पापुद्रा होऊन निघतो. दुहेरी चिकटपट्टी, सेलोटेप किंवा स्टेपलर वापरा. कागदी स्ट्रॉला मात्र गोंद छान बसतो, म्हणजे फ्रेम करायचीच असेल तर त्या वापरा.

पण माझं मत विचाराल तर फ्रेम सोडाच. ती आइस्क्रीमच्या काड्यांचीही होते. स्ट्रॉ पोकळ असते, तिच्यातून हवा जाते, दोरा जातो. ज्या खेळण्यात हे कामी येईल तेच घ्या.

पहिली पिपाणी. स्ट्रॉचं एक टोक २ सेंमीपर्यंत दाबून अगदी चपटं करा, मोजपट्टीच्या कडेने दोन-चारदा घासा. मग दोन्ही बाजूंनी तिरके काप देऊन टोक निमुळतं करा, शेवटी ३ मिमी रुंदी राहू द्या. कापलेला भाग पूर्ण तोंडात जायला हवा आणि ओठ त्याच्या मागे टेकायला हवेत. बहुतेक मुलं इथेच चुकतात: जिभल्या (कापलेल्या टोकाच्या दोन चपट्या पात्या) ओठांतच दाबून धरतात, मग त्या थरथरणार कशा? तरीही आवाज आला नाही तर टोक पुरेसं चपटं झालेलं नाही. वाजत असताना दुसऱ्या टोकाचे तुकडे कापत गेलं की आवाज चढत जातो, मुलांना यातच सगळ्यात मजा येते. (हे कापणं मोठ्यांनी करायचं.) कागदी स्ट्रॉची पिपाणी लाळेने लगेच मऊ पडते. प्रत्येक स्ट्रॉवर नाव लिहा, अदलाबदल नको.

फुंकर
पिपाणीला अनुमोदन, फक्त ती शेवटी घ्या. बारा पिपाण्या सुरू झाल्या की पुढची सूचना कुणाला ऐकू जाणार?

सुरुवात रॉकेटने करा, २० मिनिटांत होतं. १२ × ५ सेंमीचा साधा कागद पेन्सिलीवर गुंडाळा, म्हणजे १२ सेंमी लांब नळी होईल, आणि टेप लावा. स्ट्रॉवरच गुंडाळला तर तो घट्ट बसतो, नाहीतर टेप स्ट्रॉलाच चिकटते. पेन्सिल किंचित जाड असल्याने नेमकी हवी तेवढी सैल नळी मिळते. वरचं टोक १ सेंमी दुमडून पुन्हा दुमडा आणि टेपने बंद करा. उघड्या बाजूने फुंकून पाहा: टोकातून हवा निसटत असेल तर रॉकेट उडणार नाही, तिथेच पुसकन बसेल. खालच्या बाजूला तीन त्रिकोणी पंख लावा. पंखांशिवाय ते हवेत कोलांट्या खातं. तरीही भरकटलं तर टोकाशी मटाराएवढी क्ले लावून वजन पुढे आणा. सगळ्यांनी एका रांगेत, एकाच दिशेला उडवायचं, कुणाच्या तोंडासमोर नाही.

त्रिकोण
८-९ वर्षांच्या मुलांना दोऱ्यात ओवून चतुष्फलक (चार त्रिकोणी बाजूंचा आकार) करायला द्या. १० सेंमीचे ६ तुकडे आणि १ मीटर दोरा. तीन तुकडे ओवून त्रिकोण बांधा. त्याच दोऱ्यात आणखी दोन ओवा आणि त्रिकोणाच्या शेजारच्या कोपऱ्याला गाठ मारा. एक बाजू सामायिक असलेले दोन त्रिकोण दिसतील. आता दोरा पहिल्या त्रिकोणाच्या तिसऱ्या कोपऱ्यापर्यंत स्ट्रॉमधून न्या, सहावा तुकडा ओवा आणि समोरच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधा. आकार आपोआप उभा राहतो. दोऱ्याच्या टोकाला जेमक्लिप बांधली की तो स्ट्रॉमधून सरळ खाली पडतो, सुई लागत नाही. प्रत्येक गाठ ओढून घट्ट करायला सांगा. ढिली राहिली की सगळं लुळं पडतं.

घनाकृती करायचा मोह होईल, त्यासाठी १२ तुकडे लागतात. पण ती उभी राहत नाही, कारण चौकोन तिरका होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. मुलांना दोन्ही शेजारी दाबून पाहू द्या.

सप्तक
पिपाणीवर सूर लावणं अवघड, जिभल्यांवर भरवसा नाही. सूर हवेत तर आठ स्ट्रॉ घ्या, खालचं टोक क्लेने बंद करा आणि बाटलीच्या तोंडावर फुंकतो तसं वरून आडवं फुंका. सा ते वरचा सा: १६, १४.२, १२.८, १२, १०.७, ९.६, ८.५ आणि ८ सेंमी. ही लांबी आतल्या हवेची, क्ले सोडून. म्हणून प्रत्येक स्ट्रॉ १ सेंमी जास्त कापा आणि क्ले आत सरकवत सूर जुळवा. लहान मुलांना आडवी फुंकर जमायला वेळ लागतो. मोठ्या मुलांनाच द्या.

कागदकात्री
मग रॉकेट, चतुष्फलक, शेवटी पिपाणी असा क्रम ठेवते. सहा वर्षांच्यांना गाठी जमतील का?

त्रिकोण
नाही. त्यांना चतुष्फलकाऐवजी २ सेंमीच्या तुकड्यांची माळ द्या. तुकडे पारदर्शक पिशवीत हात घालून कापा, नाहीतर ते खोलीभर उडतात. धाकटी भावंडं आली असतील तर कापलेला एकही तुकडा जमिनीवर राहू देऊ नका, तीन वर्षांखालची मुलं तो हमखास तोंडात घालतात.

फुंकर
आणि कुणी रंग फुंकायचं चित्र सुचवलं तर तोंडाकडून ३ सेंमीवर टाचणीने दोन-तीन भोकं पाडून मगच स्ट्रॉ द्या. चुकून ओढलं तरी रंगाऐवजी हवाच तोंडात येते.