मदत हवी आहे: सॉफ्टवेअर फिरून फिरून 'पीक'च सुचवतंय

घाईतला
मंडळी, एका पार्टसाठी प्लास्टिक निवडतोय. ग्रँटामध्ये (मटेरियल निवडायचं सॉफ्टवेअर) लिमिट्स टाकल्या की पीक (PEEK, उष्णता सोसणारं प्लास्टिक) आणि त्याचे महागडे भाऊबंदच उरतात. जरा सैल केल्या की भलीमोठी यादी! मधलं काही का मिळत नाही? परवा रिव्ह्यू आहे, लवकर सांगा.

वाचनमात्र
शीर्षक वाचून शेतीचा धागा समजून आत आलो. चालू द्या.

लॉग_स्केल
पार्ट कसला? कशाच्या संपर्कात? लिमिट्स कोणत्या? 'एका पार्टसाठी' एवढ्यावरून काय सांगणार, कप्पाळ?

घाईतला
इंपेलर आहे हो, पंपात पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. टेन्साइल (ताण सोसायची ताकद) ८० एमपीए, तापमान १५० अंश. ग्लास भरलेले (काचतंतू मिसळलेले) ग्रेड काढून टाकलेत. बाकी नेहमीचंच.

साचेवाला
नायलॉन ६६ घ्या, ३० टक्के ग्लास. वीस वर्षं तेच ओततोय, एक तक्रार नाही.

लॉग_स्केल
साचेवाले, इंपेलर म्हणजे पाणी आलं ना! साधं ६६ बुडवून ठेवलं तर वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी पितं. ग्लासवालं कमी, पण पितंच. डेटाशीटवरचे देखणे आकडे कोरड्या नमुन्याचे असतात.

साचेवाला
डेटाशीट तुम्ही वाचा, पार्ट आम्ही काढतो.

लेथमास्तर
पितळेचा करा. प्रश्नच मिटला.

घाईतला
पितळेचाच होता, तोच बदलायचाय! पाणी ८० अंश, १५० सेफ्टी म्हणून टाकलं. व्यास ६० मिमी, सगळीकडून फट ०.३. ३००० आरपीएम.

लॉग_स्केल
हे आधी सांगायला काय झालं होतं? टोकाचा वेग ९.४ मी/से. घनता १४०० धरा, घनता गुणिले वेगाचा वर्ग म्हणजे जेमतेम ०.१२ एमपीए. पात्यांवरचा दाब धरूनही ८० लागायचं कारण दिसत नाही. कुठून आणलंत?

घाईतला
जुन्या ड्रॉइंगवर होतं.

लॉग_स्केल
म्हणजे पितळेचं! तो आकडा काढा. तुमची खरी अडचण फट आहे. नायलॉन एक टक्का जरी फुगलं तरी व्यास ०.६ मिमीनं वाढतो, म्हणजे फट संपली. पीबीटी, पीसी ही प्लास्टिकं पाण्याच्या रकान्यात 'चांगलं' दिसतील, भुलू नका, ८० अंशाच्या पाण्यात महिनोन्‌महिने राहिली की त्यांच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात. ग्लासवाले ग्रेड परत घ्या. मग पीपीएस (पॉलीफेनिलीन सल्फाइड) ४० टक्के ग्लास आणि पीपी (पॉलीप्रॉपिलीन) ३० टक्के ग्लास हे दोन समोर ठेवा. पीपीमध्ये ८० अंशाचा क्रीप डेटा (सततच्या भाराखाली हळूहळू किती ताणलं जातं ते) मागून घ्या, २३ अंशाच्या मॉड्युलसवर (ताठपणाच्या आकड्यावर) जाऊ नका.

साचेवाला
पीपी चालेल, हे मीही म्हणतो. पण श्रिंकेज, म्हणजे साच्यात थंड होताना आकसणं? ग्लास असली की प्रवाहाच्या दिशेनं कमी, आडवं जास्त. इंपेलर लंबगोल निघायचा. साचा अजून कापला नाहीये ना?

घाईतला
साचा गेल्या महिन्यातच तयार झाला. एबीएस प्लास्टिकचं श्रिंकेज धरून.