बिलिंगसारखं काम स्क्रिप्टिंग भाषेत करावं का?

घाटमाथा:
आमच्याकडे बिलिंगचा अख्खा हिशोब पायथन या स्क्रिप्टिंग भाषेत हलवायचं ठरतंय. मला पटत नाही. टिकल भाषेचे जनक जॉन औस्टरहौट यांनी १९९८ मध्येच मांडलं होतं की सुटे भाग सी, सी++ सारख्या भाषांत बनवा आणि ते जोडायला स्क्रिप्टिंग भाषा वापरा. आपण जोडणाऱ्यालाच बांधकामावर घेतलंय. सीएसव्हीतून, म्हणजे स्वल्पविरामांनी मांडलेल्या साध्या फाइलीतून, वाचलेला नग ‘५’ हा मजकूर असतो. त्याला ३ ने गुणा, पायथन बिनबोभाट ‘५५५’ हातात ठेवतं. जावात हे कंपाइलच झालं नसतं, प्रोग्राम चालायच्या आधीच अडलं असतं.

रात्रपाळी:
मग टाइप हिंट, म्हणजे कुठे आकडा आणि कुठे मजकूर याच्या नोंदी, लिहा की! ३.५ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून सोय आहे. फंक्शन ‘इंट’ (पूर्णांक) परत देतं एवढं लिहून या नोंदी तपासणारं मायपाय चालवलं, तरी तुमचं ‘५५५’ तिथेच अडकेल. आणि ती वाटणी मोडलीय कुठे? नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं जड काम आजही सीमध्येच होतं.

घाटमाथा:
हिंट ऐच्छिक आहेत हो. प्रोग्राम चालताना पायथन त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. शुक्रवारी संध्याकाळी घाईत रिलीज करणारा मायपाय चालवेलच याची खात्री कोण देणार?

रात्रपाळी:
सीआय देईल, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणारी यंत्रणा. मायपाय नापास तर मुख्य कोडमध्ये मर्ज बंद. माणसाच्या शिस्तीवर सोडायचंच कशाला?

टर्मिनलवाला:
पायथनवर काय भांडताय, शेलकडे, टर्मिनलमधले आदेश चालवणाऱ्या भाषेकडे बघा. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या ॲपच्या स्क्रिप्टने लोकांच्या फायली उडवल्या होत्या. फोल्डरचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल रिकामं राहिलं, त्यामुळे ‘या फोल्डरमधलं सगळं पुसा’ या आदेशात उरला फक्त ‘/’. गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर कॉमेंट होती, ‘स्केअरी!’ लिहिणाऱ्याला भीती वाटली, तपासावंसं मात्र वाटलं नाही.

रात्रपाळी:
स्क्रिप्टमध्ये ‘सेट -यू’ हा स्विच टाकला असता तर वाचले असते.

टर्मिनलवाला:
नसते वाचले. ‘-यू’ फक्त किंमतच न दिलेलं व्हेरिएबल पकडतं. इथे किंमत दिलेली होती, पण रिकामी. तो पत्ता काढताना फोल्डरमध्ये शिरणारा ‘सीडी’ आदेश फसल्यावर ‘सेट -ई’ने स्क्रिप्ट तिथेच थांबवली असती.

घाटमाथा:
बघा, म्हणजे कुठला स्विच कधी लागतो हे पाठ असेल तरच वाचणार! रिपोर्ट, फायली हलवणं, टेस्ट डेटा हे सगळं खुशाल पायथनमध्ये करा. दर आणि कर काढणारा कोड जावातच राहू दे.

रात्रपाळी:
आणि उद्या कराचा नियम बदलला की त्या जावाला हात कोण लावणार? तुमच्या टीममध्ये जावावाले उरलेत किती?